एलिझाबेथ, रंधा मशीन आणि गंज काढायची घाई

गंजून लाल झालेली एक वस्तू टेबलावर येते. बहुतेकदा लाकूडकामाचंच काहीतरी असतं : हाताने फिरवायचं ड्रिल, शिकंजा, लोखंडी रंधा, कधी अख्खं पट्टा-करवतीचं यंत्र. कुणी बोलत नाही. स्क्रू सुटतात, भाग एका रांगेत मांडले जातात, वाळूचा फवारा गंज खाऊन टाकतो, रंगाचे दोन हात बसतात. पंचवीस मिनिटांनी तोच रंधा फळीवरून फिरतो आणि कागदापेक्षा पातळ साल गोल वळत बाहेर येते. आपण समाधानाने फोन उशाशी ठेवतो, किंवा पुढचा व्हिडिओ लावतो.

रिस्टोरेशन व्हिडिओ हा प्रकार मी भरपूर पाहिलाय आणि अजूनही पाहतो, त्यामुळे त्याच्यावर तुटून पडण्याचा इरादा नाही. पण ज्या प्रकाराने आपल्याला जुन्या वस्तूंकडे बघायला शिकवलं, त्याची सिनेमासारखी, पुस्तकासारखी समीक्षा व्हायला हवी असं मला वाटतं. कारण वसई-विरारच्या पट्ट्यात आता हा प्रश्न फोनच्या बाहेर आलाय. जुनी कौलारू घरं उतरतायत, सुतारांच्या शेड रिकाम्या होतायत, आणि कुणाच्या तरी आजोबांचं यंत्र भंगारात जायच्या आधी घरी आणायचं का, आणलं तर त्याचं करायचं काय, यावर घरोघरी बोलणं होतं. त्या बोलण्यात प्रत्येकाच्या डोक्यात नमुना असतो तो त्या पंचवीस मिनिटांचा.

पंचवीस मिनिटांत काय बसत नाही

आधी या प्रकाराचं श्रेय त्याला देऊ. ‘माय मेकॅनिक्स’ या स्विस चॅनेलवरचं काम पाहिलं तर हे लक्षात येतं की चांगला कारागीर कॅमेऱ्यासमोरही कारागीरच राहतो. एखादा स्क्रू खराब निघाला की तो नवा विकत आणत नाही, लेथवर स्वतः बनवतो. त्यावर प्रेक्षक हसतात, पण त्या हट्टात धातूबद्दलचा आदर आहे. आमच्यासारखी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन चार वर्षांत एकदाही फाइल नीट न धरलेली मंडळी हे बघून ‘फिट’ म्हणजे काय हे पहिल्यांदा शिकली, तर तो या प्रकाराचा मोठाच गुण.

प्रश्न आहे तो रचनेचा. व्हिडिओची सुरुवात वस्तू टेबलावर आल्यावर होते. ती कुणाकडून आली, त्याने ती का सोडली, किती पैसे घेतले, देताना तो काय म्हणाला, हे सगळं पहिल्या फ्रेमच्या आधी घडून गेलेलं असतं. शेवट पहिल्या वापरावर होतो. पुढच्या पावसाळ्यात त्या चकचकीत रंगाखाली काय झालं, यंत्र कुणाच्या हाती गेलं, त्यावर एक तरी पाट किंवा चौकट झाली का, हे कळत नाही. म्हणजे वस्तूचं मागचं आयुष्य आणि पुढचं आयुष्य दोन्ही कापून मधला कायापालट तेवढा उरतो. आधी-नंतरचे दोन फोटो आणि त्यांच्यामधला प्रवास.

या रचनेमुळे गंज हा खलनायक ठरतो. गंज जितका जास्त तितका शेवट गोड. त्यामुळे काही ठिकाणी गंज मुद्दाम चढवल्याचेही प्रकार झाले. मला त्या लबाडीपेक्षा तिच्यामागचा हिशोब जास्त महत्त्वाचा वाटतो. नीट तेलपाणी करून वापरात राहिलेल्या यंत्राची गोष्ट या प्रकारात सांगताच येत नाही. ज्याने चाळीस वर्षं रोज संध्याकाळी भुसा झाडला आणि दर शनिवारी तेल घातलं, त्याच्या यंत्राला ‘आधी’चा फोटोच नाही.

जीर्णोद्धार आणि शाकारणी

आपल्या भाषेत या दोन गोष्टींना पूर्वीपासून वेगवेगळे शब्द आहेत. जीर्णोद्धार हा मोठा शब्द. त्याला समिती लागते, पावतीपुस्तक लागतं, शेवटी उद्घाटनाची पाटी लागते. डागडुजी हा बारका शब्द. आणि शाकारणी हा तर वेळापत्रकातला शब्द : दर वर्षी मृगाच्या आधी कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, वासे तपासायचे, पुन्हा चढवायची. शाकारणीचं कुणी कौतुक करत नाही. ती झाली नाही की मात्र पहिल्या पावसात सगळ्या घराला कळतं.

जॉन रस्किन या इंग्रज समीक्षकाने १८४९ साली ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’मध्ये जीर्णोद्धारावर कडाडून हल्ला केला. त्याच्या मते जुनी इमारत पुन्हा पहिल्यासारखी करणं हे मेलेल्याला उठवण्याइतकंच अशक्य, आणि तसा दावा करणं ही फसवणूक. पण त्याच ओघात तो जे सुचवतो ते फारच घरगुती आहे. छपरावर वेळेत शिशाचे चार पत्रे टाका, पन्हाळीतला पालापाचोळा काढा, म्हणजे जीर्णोद्धाराची वेळच येणार नाही. रस्किनला शाकारणी हा शब्द माहीत असता तर त्याने तो नक्की वापरला असता. दुसऱ्या बाजूला फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक हा वास्तुविशारद उलट म्हणत होता : जीर्णोद्धार म्हणजे इमारतीला अशा पूर्णत्वाला नेणं, जे तिच्यात कदाचित कधीच नव्हतं.

रिस्टोरेशन व्हिडिओ पूर्णपणे व्हियोले-ल-द्यूकच्या बाजूचा आहे. कारखान्यातून बाहेर पडताना त्या रंध्याला आरशासारखी झिलई नव्हतीच. त्याला ओतकामाचे खडबडीत डाग होते, रंग सांडलेला होता, आणि पहिल्या दिवसापासून तो कामाला जुंपला गेला होता. व्हिडिओच्या शेवटी दिसते ती वस्तूची मूळ अवस्था नसते. आपल्याला ती जशी असावीशी वाटते, तशी ती असते.

नाव असलेलं यंत्र आणि नाव नसलेलं

यंत्रावरच्या मायेबद्दल मराठीत एक फार चांगली कलाकृती आहे, आणि ती लाकूडकामाबद्दल नाही. परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ २०१४ साली आला. कथा मधुगंधा कुलकर्णींची. बालचित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला ‘काका मुट्टै’ या तमिळ चित्रपटासोबत विभागून मिळाला. तुमच्यातल्या अनेकांनी तो शाळा-कॉलेजात पाहिला असेल. पंढरपुरातला ज्ञानेश, त्याची धाकटी बहीण मुक्ता, आणि वडिलांनी स्वतः बनवलेली सायकल, तिचं नाव एलिझाबेथ. वडील गेलेत. आई विणकामाच्या मशीनवर स्वेटर विणून घर चालवते. कर्जाचे हप्ते थकतात आणि मशीन जप्त होतं. ते सोडवायला पैसे हवेत, म्हणून आई सायकल विकायचं ठरवते. ती वाचवण्यासाठी मुलं एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात.

आपण सगळे हा चित्रपट सायकलीचा चित्रपट म्हणून लक्षात ठेवतो. तो तसाच बनवलाय. सायकलीला नाव आहे, तिच्याशी मुलांचं नातं आहे, ती रस्त्यांवरून धावताना कॅमेरा तिच्यामागे धावतो. पण पुन्हा पाहताना माझं लक्ष दुसऱ्या यंत्रावर खिळलं. विणकामाच्या मशीनला नाव नाही. त्याच्यावर कुणी जीव टाकत नाही. ते गेल्यावर मुलांना त्याची आठवण येत नाही, त्याच्या नसण्यामुळे सायकल जाणार याचं दुःख होतं. आणि घरात अन्न आणणारं यंत्र तेच होतं.

मला वाटतं मोकाशींनी ही दोन यंत्रं मुद्दाम समोरासमोर ठेवली. भावनिक मोल आणि पोटाचं मोल एकाच घरात, एकाच कर्जापायी एकमेकांसमोर उभी राहतात. चित्रपटाची ताकद अशी की तो आईला खलनायिका होऊ देत नाही. नंदिता धुरींनी रंगवलेल्या आईला सायकलीचं मोल मुलांइतकंच माहीत आहे, किंबहुना जास्त, कारण ती तिच्या नवऱ्याची वस्तू आहे. तरीही ती विकायला काढते. माझी तक्रार एवढीच, की चित्रपट आपली माया एका बाजूला इतकी ओततो की दुसऱ्या यंत्राकडे बघायला आपल्याला दुसऱ्यांदा यावं लागतं.

इथून मला रिस्टोरेशनचा खरा प्रश्न सापडला. आपण आजोबांचं यंत्र घरी आणतो तेव्हा ते आपल्यासाठी एलिझाबेथ असतं. आजोबांसाठी मात्र ते विणकामाचं मशीन होतं. त्याला त्यांनी नाव दिलं नव्हतं. त्याचे हप्ते होते, त्याचा आवाज होता, त्याने पाठ दुखायची. दसऱ्याला झेंडूची माळ घालून त्याची पूजा व्हायची हे खरं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी माळ बाजूला करून त्यावर फळी चढायची. वस्तू कामातून सुटली की ती माळ कायमची राहते. भावनिक मोल वाढतं ते बऱ्याचदा कामाचं मोल संपल्यावर.

पितळेचा सांधा आणि चौकोनी डोकं

हे सगळं हवेत बोलतोय असं वाटू नये म्हणून एक उदाहरण देतो. ते आमच्या वटारचं आहे. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, वाड्यांच्या पट्ट्यात. आजोबांचं रंधा मशीन, म्हणजे ज्याला बाजारात सरफेसर म्हणतात ते, त्यांनी काम थांबवल्यावर दुसऱ्या एका सुताराला विकलं होतं. त्या सुताराची जागा पुनर्विकासात गेली तेव्हा काकांना निरोप आला आणि यंत्र भंगाराच्या भावाने, किलोवर परत आलं. कंपनीची पाटी कधीच गळून पडली होती. हेच ते यंत्र, हे ओळखलं एका खुणेवरून. बाजूच्या गाइडला पडलेली भेग पितळेने सांधलेली होती. बिडाला साधं वेल्डिंग नीट धरत नाही, थंड होताना ते पुन्हा तडकतं. म्हणून जुने लोक पितळ वितळवून सांधत. काळ्या बिडावर ती पिवळी रेघ आजही स्पष्ट दिसते.

व्हिडिओच्या नियमाने पहिलं काम काय, तर ती रेघ घासून, पुट्टी भरून रंगाखाली घालवायची. माझ्या धंद्यातला कुणीही इथे थबकेल. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र, कुरूप ओळ दिसते, नवा माणूस ती उत्साहाने साफ करतो, आणि दोन दिवसांनी कळतं की एका विशिष्ट ग्राहकाच्या एका विशिष्ट अडचणीसाठी ती सहा वर्षांपूर्वी कुणीतरी रात्री जागून घातली होती. पितळेचा सांधा ही तशी ओळ आहे. यंत्राच्या अंगावर लिहिलेली दुरुस्तीची नोंद. ती काढली तर यंत्र नवं दिसेल, आणि ते आमचं आहे हे सांगणारी एकमेव गोष्ट जाईल.

पण म्हणून प्रत्येक झीज जपायची का? रंधा मशीनची दोन टेबलं असतात. पुढचं पात्याच्या सर्वांत वरच्या बिंदूच्या अगदी पातळीत, मागचं त्याहून काढायच्या सालीइतकं खाली. सगळी अचूकता या एका नात्यात. वर्षानुवर्षं फळ्या ढकलून टेबल मधे खोलगट झालं असेल, तर ती खळगी कितीही भावुक करणारी असली तरी त्यावरून निघणारी फळी गुण्यात बसणार नाही. आणि सुताराच्या यंत्राने सरळ गोष्ट वाकडी काढायला लागणं हा त्याचा अपमान. ते टेबल ग्राइंडिंगला द्यावंच लागतं. उलट ज्या मुठीवर तळहात घासून लोखंडाला मऊ चकाकी आली, ती मूठ आहे तशी ठेवली म्हणून काही बिघडत नाही. एक झीज खूण आहे, दुसरी दोष. रिस्टोरेशनमधलं अवघड काम हा फरक ओळखण्याचं आहे, आणि वाळूच्या फवाऱ्याला तो ओळखता येत नाही.

खरा पेच पुढे होता. झाकण काढल्यावर आत चौकोनी डोकं निघालं. जुन्या रंधा मशीनमध्ये पाती चौरस ठोकळ्याच्या बाजूंवर बोल्टने बसवत. ठोकळा चौरस असल्यामुळे टेबलाची कड आणि ठोकळा यांच्यामधे मोठी फट राहते. बोट निसटलं तर त्या फटीत आत ओढलं जातं. गोल डोक्यात ती फट जवळजवळ उरत नाही, त्यामुळे इजा झाली तरी खोल होत नाही. ब्रिटनमध्ये १९२२ च्या लाकूडकाम यंत्रांच्या नियमांनी हाताने फळी ढकलायच्या रंधा मशीनवर गोल डोकं सक्तीचं केलं. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम २१ फिरत्या भागांना संरक्षक आवरण घालायला सांगत असे. पण तो कायदा मुळात विजेवर चालणाऱ्या आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागेसाठी होता. दोन माणसांची शेड त्याच्या बाहेरच राहिली. आजोबांच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं होतं. घरात त्याबद्दल कुणी फार बोलत नसे. सुताराचं बोट अर्धं असणं ही बातमीच नव्हती.

आता सांगा, मूळ अवस्था म्हणजे कोणती? यंत्र जसं होतं तसं जिवंत करायचं म्हणजे ती फटही जिवंत करायची. मी आजवर पाहिलेल्या रिस्टोरेशन व्हिडिओंत जुन्या यंत्राची सुंदर आकडेमोड दिसते, पण ते कुणाचं काय घेऊन गेलं हे कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. आम्ही गोल डोकं करून घेतलं. मोटर जुनी तीन फेजची, घरात एकच फेज, म्हणून मधे व्हीएफडी बसवला. शुद्धतावाद्यांच्या दृष्टीने हे यंत्र आता ‘ओरिजिनल’ राहिलं नाही. रंगाचा विषय निघाला तेव्हा काकांनी एका वाक्यात संपवला : “रंगाचं नंतर बघू रे, आधी त्याच्यावर फळी सरळ निघते का ते बघ.” रिस्टोरेशनवरची यापेक्षा नेमकी टीका मी वाचलेली नाही.

यंत्रानेही कुणाला तरी घालवलं होतं

जुन्या यंत्रांच्या मायेत आणखी एक गोष्ट सोयीने विसरली जाते. ज्याला आज आपण हरवत चाललेली कारागिरी म्हणून कुरवाळतो, ते यंत्र स्वतः एका आधीच्या कारागिरीवर चालून आलं होतं.

जॉर्ज स्टर्ट हा इंग्लंडमधल्या फार्नहॅम गावातला माणूस. १८८४ साली वडिलांचं गाड्या आणि चाकं बनवायचं दुकान त्याच्या गळ्यात पडलं. त्यावर त्याने १९२३ साली ‘द व्हीलराइट्स शॉप’ हे पुस्तक लिहिलं. हाताच्या कामाबद्दल इतकं बारकाईने लिहिलेलं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. लाकूड कुठल्या महिन्यात तोडायचं, आऱ्याला कुठे किती तासायचं, हे सगळं तो त्याच्या जुन्या कामगारांच्या हातातून शिकत जातो. आणि मग तोच स्टर्ट धंदा टिकवायला दुकानात गॅसवर चालणारं इंजिन, करवती, लेथ, ड्रिल आणतो. यंत्रं फिरायला लागली त्या दिवसापासून कुऱ्हाडी आणि वाकस दुकानातून दिसेनासे होत गेले, आणि त्यांच्यासोबत त्या माणसांचं शहाणपणही, हे तो स्वतःच नोंदवून ठेवतो. यात रडगाणं नाही, स्वतःची सुटकाही नाही. धंदा बुडू द्यायचा नव्हता, आणि वाचवण्याची किंमत ही होती.

त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पोर्ट्समथच्या ब्रिटिश गोदीत मार्क ब्रुनेलच्या आराखड्यावरून हेन्री मॉडस्लेने जहाजांच्या लाकडी कप्प्या बनवायची पंचेचाळीस यंत्रं घडवली. एकशे दहा कुशल कारागिरांचं काम दहा अकुशल माणसं करू लागली. त्यातली काही यंत्रं आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहेत. त्या एकशे दहा हातांची काच-पेटी अर्थातच कुठे नाही.

आपल्याकडचं चित्र वेगळं, पण हिशोब तोच. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’मध्ये बलुतेदारीची जी मांडणी केलीय, त्यात सुतार थोरल्या ओळीत येतो. नांगर, पाभर, गाडी यांची वर्षभराची दुरुस्ती त्याच्याकडे, आणि मोबदला खळ्यावर धान्यात. आत्रे या व्यवस्थेचे भाट नव्हते, तिच्यातला आळस आणि अन्याय ते रोखठोक दाखवतात. पण एक गोष्ट त्यातून लख्ख दिसते. दुरुस्ती ही तिथे घटना नव्हती, वर्षभर चालणारं नातं होतं. शाकारणीसारखंच.

वसईच्या वाड्यांत सुताराचं सर्वांत मोठं यंत्र म्हणजे रहाट. विहिरीवर उभं लाकडी चक्र, त्याला गाडग्यांची माळ, आणि गोल फिरणारं जनावर. केळीच्या आणि पानाच्या बागा त्या पाण्यावर उभ्या राहिल्या. मग तेलावरची इंजिनं आली, मग विजेचे पंप. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळावर वसवलेल्या किर्लोस्करवाडीतून लोखंडी नांगर निघाले आणि पुढे त्याच घराण्याच्या कारखान्यांतून पंप आणि इंजिनं निघाली. शेतकऱ्याच्या पाठीवरचा भार हलका झाला, यात शंका नाही. लाकडी नांगर आणि रहाट घडवणाऱ्याच्या हाताला मात्र दुसरं काम शोधावं लागलं. दारं-खिडक्या, मग फर्निचर. अशाच वळणावर त्याच्याकडे रंधा मशीन आलं असणार. आणि आता प्लाय-लॅमिनेटच्या मॉड्युलर कपाटांनी रंधा मशीनला घालवलं. प्लायला रंधा लागतच नाही.

मग अर्नाळा-राजोडीच्या बाजूला एखाद्या रिसॉर्टच्या भिंतीवर बैलगाडीचं चाक पॉलिश मारून टांगलेलं दिसतं. मला त्या चाकाचा राग येत नाही, ते जळणात जाण्यापेक्षा बरं. पण ते पाहून कुणाला आरे किती आणि का, लोखंडी धाव तापवून कशी चढवतात, चाक थोडं बशीसारखं का असतं, असं काहीच विचारावंसं वाटत नाही. टांगलेल्या वस्तूची सगळ्यात मोठी अडचण तीच. ती बघून झाली की संपते.

मग चांगलं रिस्टोरेशन कोणतं?

समीक्षेने निकष सांगितले नाहीत तर ती नुसती कुरकुर ठरते. म्हणून माझे चार.

पहिला, काम. जीर्णोद्धार झाल्यावर यंत्र कशासाठी आणि कुणासाठी फिरणार आहे? आठवड्यातून एकदा का होईना, त्यावर खरी फळी चढायला हवी. ते शक्य नसेल, तर ते यंत्र ज्याला त्याची गरज आहे अशा सुताराला देणं हे दिवाणखान्यात ठेवण्यापेक्षा जास्त प्रेमाचं आहे.

दुसरा, खूण आणि दोष यांतला फरक. दोष काढावा, खूण ठेवावी, आणि जे काढलं तेही फेकू नये. आमच्याकडचं चौकोनी डोकं तेल लावून ठेवलंय. नव्या माणसाला गोल डोकं का, हे सांगायला त्यापेक्षा चांगलं साधन नाही.

तिसरा, माणूस. जुन्या यंत्रांच्या बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओततात. शाफ्टला काजळी धरायची म्हणजे धातू चिकटत नाही, बीड आधी तापवायचं, फटी मातीने बंद करायच्या, आणि एका दमात ओतायचं. मग निळा रंग लावून शाफ्ट फिरवायचा आणि जिथे निळा लागेल तिथे खरवडत जायचं. हे वाचून समजतं. येतं मात्र कुणाच्या तरी शेजारी उभं राहून. असे हात अजून वसई, कुर्ला, भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये आहेत. बहुतेकांच्या हाताखाली शिकणारं कुणी नाही. यंत्र वाचवलं आणि तो माणूस विचारायचा राहिला, तर आपण चुकीची वस्तू वाचवली.

चौथा, वेळ. रिस्टोरेशन कधी संपलं असं म्हणता येऊ नये. पहिल्या पावसाळ्यानंतर टेबलावर तांबूस झाक येणारच, वटारसारख्या खाऱ्या हवेत तर नक्कीच. तेव्हा तेलाचा बोळा घेऊन बसणं हे त्या पंचवीस मिनिटांइतकंच, खरं तर त्याहून जास्त, रिस्टोरेशन आहे.

या निकषांवर पाहिलं तर व्हिडिओ प्रकार बऱ्याच ठिकाणी कमी पडतो. पण तो सुधारू शकतो असं मला वाटतं, कारण त्याच्याकडे मूळ गोष्ट आहे : हाताकडे टक लावून बघण्याचा संयम. मला बघायला आवडेल असा व्हिडिओ साधाच आहे. एक सुतार, साठीच्या पुढचा. त्याचं यंत्र, ज्यावर गंज नाही. तो बोलतो, मधेच थांबतो, फळीवर पेन्सिलीची रेघ मारतो, बेल्टचा आवाज बदलला की मान वळवतो. शेजारी कुणीतरी विशीतलं उभं आहे. ‘आधी’ नाही, ‘नंतर’ नाही, शेवटी नवा रंग नाही. एक चौकट तयार होते आणि ती कुणाच्या तरी दाराला लागते. असा व्हिडिओ किती जण बघतील माहीत नाही. पण जुनी शेड रिकामी करायला ट्रक येण्याच्या आधी तो काढायला हवा, आणि त्यासाठी लागणारा कॅमेरा आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे.